ठासणीवरच्या दोन रेघा

काडतुसाची बंदूक मागून उघडून आत बघता येतं. ठासणीची बंदूक म्हणजे नळीच्या तोंडातून भरायची बंदूक. तिची नळी मागून कायमची बंद, त्यामुळे आत बार, म्हणजे दारू आणि गोळी, आहे की नाही हे नुसतं बघून कळत नाही. ते सांगते ठासणी, म्हणजे बार ठासायचा गज. रिकाम्या नळीत ती तळापर्यंत सोडा आणि नळीच्या तोंडाशी तिच्यावर रेघ मारा. ठरलेला बार भरल्यावर दुसरी रेघ. पुढे कधीही दुसरी रेघ तोंडाच्या वर राहिली, तर समजावं की गोळी मध्येच अडकली किंवा बारावर बार बसलाय.

ही चूक फक्त नवशिक्याची नव्हे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, जुलै १८६३ मधल्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर मैदानातून २७,५७४ बंदुका गोळा झाल्या. सुमारे २४,००० भरलेल्या होत्या, त्यांतल्या निम्म्यांत दोन बार, आणि एकीत तर तब्बल २३! गदारोळात आपला बार उडालाच नाही, हे बऱ्याच शिपायांना कळलं नसावं.

उदाहरणादाखल अर्धा इंच व्यासाची, केपवर (घोडा आपटताच ठिणगी देणाऱ्या छोट्या टोपीवर) चालणारी रायफल घेऊ. ठासणीने नळी रिकामी असल्याची खात्री करा, आतलं तेल पुसा. मग नुसती केप लावून नळीचं तोंड गवताच्या पात्याजवळ धरा आणि चाप ओढा. पातं हललं तर कानापासूनची, म्हणजे केप बसते त्या भोकापासूनची, वाट मोकळी आहे.

आता दारू. फक्त काळी दारू. आधुनिक धूरविरहित दारू चिमूटभरही नको, तिचा दाब ही नळी पेलत नाही. निशाणासाठी ५० ग्रेन, म्हणजे सव्वातीन ग्रॅम पुरे. दारूच्या डब्यातून थेट नळीत ओतू नये. मागच्या बाराची ठिणगी आत धुमसत असली तर अख्खा डबा हातात पेटेल. मापात घ्या, डबा बंद करून दूर ठेवा, मग ओता. चेहरा नळीच्या तोंडावर आणू नका.

वर वंगण लावलेली सुती चकती, त्यावर ०.४९० इंची शिशाची गोळी. ठासणी तोंडापासून वीतभरावर बोटांनी धरून थोडी थोडी ढकला. वरून जोर दिला तर लाकडी गज मोडून तळव्यात घुसतो. गोळी दारूला टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली की वायू वेगाने येऊन अडून बसलेल्या गोळीवर आदळतो, नळी फुगते, प्रसंगी फुटते. केप सगळ्यात शेवटी, निशाणाकडे तोंड केल्यावरच.

बार फुसका गेला तर नळी निशाणाकडेच धरून निदान एक मिनिट थांबा. दारू उशिरानेही पेटते.

काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर घनरूपात मागे उरतो आणि हवेतलं पाणी शोषतो. शेतसंरक्षणाच्या परवान्यावर या बंदुका बाळगणाऱ्या कोकणात तर हवाच दमट. त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुवा, कोरडी करा, तेल लावा. दुसऱ्या दिवशी पांढरं फडकं फिरवून बघा. तांबूस निघालं तर पुन्हा तेल.