परसबागेतील रोपनिर्मिती

अंगणात, गच्चीवर किंवा गॅलरीतल्या कुंडीत बी, फाटा अथवा ठोंबापासून नवे रोप तयार करणे. महाराष्ट्रातील घरांत टोमॅटोच्या जोडीला कोथिंबीर, पुदिना, गवती चहा हमखास असतात. प्रत्येकाची सुरुवात वेगळी असते. ती न ओळखता सगळ्यांना एकाच मापाने पाणी घातले की रोपे जातात.

टोमॅटो (सोलॅनम लायकोपर्सिकम) मूळचा दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागातला; भारतात तो पोर्तुगीजांबरोबर आला. त्याचे बी घरच्या पिकलेल्या फळातून काढता येते. बियांभोवतीचा बुळबुळीत गर उगवण रोखून धरतो, म्हणून गरासकट बिया वाटीत दोन-तीन दिवस आंबवतात, धुतात आणि सावलीत वाळवतात. संकरित वाणाच्या बियांतून मूळ झाडासारखे झाड उतरत नाही. बी धरायचेच असेल तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या धनश्री, भाग्यश्री यांसारखे सरळ (संकरित नसलेले) वाण बरे.

कोकोपीट (नारळाच्या सालीचा भुसा) आणि गांडूळखताच्या भुसभुशीत मिश्रणात बी अर्धा ते एक सेंमी. खोल पेरतात. उबदार हवेत ते आठवड्याभरात उगवते. कधी कधी बियाचे टरफल कोवळ्या दलांवर (पहिल्या दोन पानांवर) टोपीसारखे अडकून बसते. ते ओढू नये, पाण्याचा थेंब सोडला की सैल होते. खरा धोका अति पाण्याचा. गच्च ओलीत पिथियम, रायझोक्टोनिया या बुरशी वाढतात, मातीलगतचे खोड पाणचट होऊन दोऱ्यासारखे बारीक पडते आणि संध्याकाळी ताठ असलेले रोप सकाळी आडवे दिसते. ते पुन्हा उभे राहत नाही. म्हणून वरची माती बोटाला कोरडी लागल्यावरच पाणी द्यावे, आणि रोप उजेडात ठेवावे. सावलीत ते लांबट, लुकडे होते.

साधारण 25 ते 30 दिवसांनी, ऊन उतरल्यावर, रोप मोठ्या कुंडीत हलवतात. खालची पाने खुडून खोडाचा बराच भाग मातीत पुरावा, कारण पुरलेल्या खोडाला नवी मुळे फुटतात. टोमॅटोला हे स्थलांतर मानवते.

कोथिंबिरीला मात्र मानवत नाही. तिचे सोटमूळ दुखावते, म्हणून ती जागच्या जागीच पेरावी. धणा म्हणजे दोन बियांचे फळ; हलक्या हाताने रगडून त्याचे दोन भाग करतात. उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात. कडक उन्हाळ्यात ती लवकर फुलावर येते.

पुदिन्याला बी लागतच नाही. बाजारातल्या जुडीतला ताजा फाटा पेराच्या खाली कापून, खालची पाने काढून पाण्यात ठेवला तरी मुळे धरतो. जमिनीखालच्या खोडांनी तो पसरतो, त्यामुळे त्याला स्वतंत्र कुंडी द्यावी.

गवती चहाला फुले क्वचितच येतात. जुन्या ठोंबातले दोन-तीन फुटवे मुळांसकट वेगळे करून लावतात, आणि हा ठोंब बहुधा शेजारच्या अंगणातूनच येतो.