एक आणि तीन खुर्च्या

एक आणि तीन खुर्च्या : अमेरिकन कलावंत जोसेफ कोसुथ (जन्म 1945) याची संकल्पनात्मक (वस्तूपेक्षा कल्पनेला महत्त्व देणारी) कलाकृती. मूळ शीर्षक ‘वन अँड थ्री चेअर्स’. भिंतीलगत साधी घडीची लाकडी खुर्ची, डावीकडे तिचेच जवळपास मूळ आकाराचे कृष्णधवल छायाचित्र आणि उजवीकडे इंग्रजी शब्दकोशातील ‘चेअर’ या नोंदीची मोठी केलेली प्रत, अशी मांडणी असते. खुर्ची कोणती, हे कोसुथने ठरवून दिलेले नाही. निवडलेली खुर्ची जागेवर ठेवून मगच तिचे छायाचित्र काढायचे असते, त्यामुळे तिथली भिंत आणि जमीनही त्यात उतरते. कायम राहतात ती फक्त व्याख्या आणि कलावंताची सही असलेला सूचनांचा कागद. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात ही कृती आहे.

निर्मितीचे वर्ष सामान्यतः 1965 दिले जाते. ते वादग्रस्त आहे. त्या काळातील लेखी वा प्रदर्शनाचा पुरावा नसल्याचा आक्षेप कलेतिहासकार बेंजामिन बुख्लो यांनी 1990 च्या सुमारास घेतला. या कृती आधी टिपणांच्या रूपात होत्या आणि प्रदर्शनाची संधी मिळाल्यावर प्रत्यक्षात आल्या, असे कोसुथच्या बाजूने सांगितले जाते. कृती म्हणजे कल्पनाच, हे तत्त्व मान्य केल्यास 1965 हे वर्ष कल्पनेचे मानणे सयुक्तिक ठरते. वस्तुरूप घडण त्यानंतरची असावी.

‘आर्ट आफ्टर फिलॉसॉफी’ (1969) या लेखात कोसुथने कलाकृतीला विश्लेषक विधानाची, म्हणजे केवळ शब्दांच्या अर्थावरून खरे ठरणाऱ्या विधानाची, उपमा दिली. त्यामागे ब्रिटिश तत्त्वज्ञ ए. जे. एअर यांचे तत्त्वज्ञान आणि तयार वस्तूच कलाकृती म्हणून मांडणाऱ्या मार्सेल द्यूशाँचा आदर्श स्पष्ट दिसतो. बेल्जियन चित्रकार रने माग्रीतच्या, ‘हा पाइप नव्हे’ असे खाली लिहिलेल्या 1929 च्या पाइपच्या चित्राशी तुलना नेहमी होते. मात्र तिथे शब्द चित्राला नाकारतात, इथे तिन्ही घटक शेजारी समान मानाने उभे आहेत.

भारतीय वाचकाला न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांतील ‘व्यक्त्याकृतिजातयस्तु पदार्थः’ हे सूत्र आठवेल. पदाचा (शब्दाचा) अर्थ म्हणजे व्यक्ती (विशिष्ट वस्तू), आकृती (तिचा आकार) आणि जाती (त्या प्रकारच्या सर्व वस्तूंतील समान धर्म) हे तिन्ही, असे त्यात म्हटले आहे. समोरची खुर्ची, तिची प्रतिमा आणि व्याख्या यांच्याशी हे त्रिक लक्षणीयरीत्या जुळते. साम्य विचारापुरतेच आहे. कोसुथच्या मांडणीची मुळे पाश्चात्त्य भाषातत्त्वज्ञानात आहेत.

याच मालिकेत फावडे, घड्याळ इत्यादी वस्तू येतात. लंडनच्या टेट संग्रहातील घड्याळाच्या कृतीत घटक पाच असून त्यांपैकी तीन शब्दकोशातील नोंदी आहेत.