बुटकेपणा बियात नसतो, खुंटात असतो

कमरेएवढं झाड आणि त्याला लगडलेली लालबुंद सफरचंदं, असं चित्र छापून 'बुटक्या जातीचं बी' विकणाऱ्या जाहिराती इंटरनेटवर सारख्या दिसतात. पैसे वाचवा. सफरचंदाचं बी मूळ झाडासारखं निपजत नाही. आणि छोट्या बागेत लावतात त्या बहुतेक बुटक्या झाडांचा बुटकेपणा खुंटातून येतो, म्हणजे ज्या मुळांवर कलम बांधलं त्या खालच्या रोपातून. वरची जात तीच राहते, फळंही पूर्ण आकाराची येतात. झाड तेवढं आठ-दहा मीटरऐवजी अडीच-तीन मीटरवर थांबतं. त्याला कुणी हार्मोनचं इंजेक्शन दिलेलं नसतं.

इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्राने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातले असे खुंट गोळा केले आणि नावांचा गोंधळ मिटवायला त्यांना सरळ क्रमांक दिले. त्यातला 'एम ९' जगभर पसरला.

मुळं लहान म्हणून झाड लहान, एवढ्यावर हे भागत नाही. जोमदार मुळांवर 'एम ९'चा वीतभर तुकडा बांधा आणि त्यावर हवी ती जात. झाड तरीही बुटकंच राहतं! तुकडा जितका लांब, तितकं झाड लहान. म्हणजे अडवणूक वाटेतच होते.

वाटेवरचा मुख्य प्रवासी म्हणजे ऑक्झिन, झाडाचं वाढीचं हार्मोन. ते कोवळ्या शेंड्यांत तयार होतं आणि एका पेशीतून दुसरीत असं खाली उतरतं. पेशीत शिरणं त्याला सोपं जातं, बाहेर पडायला मात्र खास वाहक प्रथिनं लागतात. ही प्रथिनं पेशीच्या खालच्या बाजूला असतात, म्हणून प्रवास एकाच दिशेने होतो. 'एम ९'मधून ऑक्झिन कमी पोचतं. मग मुळं कमी वाढतात, मुळांतून वर जाणारं सायटोकायनिन हे दुसरं हार्मोन घटतं, त्यामुळे नवे शेंडे कमी फुटतात, आणि शेंडे कमी म्हणजे ऑक्झिन आणखी कमी. भरीला या खुंटाच्या जलवाहिन्याही अरुंद. नळीची त्रिज्या निम्मी झाली की, दाब तोच असेल तर, प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो, कारण तो त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. यातल्या कशाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. फांद्यांची वाढ हंगामात लवकर थांबते, फुलांचे डोळे लवकर धरतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ दिसतं, एवढं नक्की.

म्हणूनच लावताना कलमाचा सांधा मातीच्या चार बोटं तरी वर ठेवायचा. तो गाडला गेला तर वरच्या जातीला स्वतःची मुळं फुटतात, खुंटाला वळसा पडतो आणि दोन-चार वर्षांत झाड मोकाट सुटतं. रोपवाटिकेने कितीही हमी दिलेली असो. 'एम ९'ची मुळं ठिसूळ असतात, त्यामुळे भक्कम खांबाचा आधारही कायमचा लागतो. झाड मोठं झालं म्हणून तो काढला, तर फळांनी लदलेलं झाड वाऱ्यात मुळासकट आडवं होऊ शकतं.