इओसिनोफिलिक अन्ननलिकादाह (मुलांमधील)

अन्नातल्या एखाद्या घटकाची ॲलर्जी होऊन अन्ननलिकेच्या आतल्या अस्तराला कायमची सूज राहणे आणि त्यापायी घास उतरेनासा होणे, असा हा जुनाट विकार आहे. डॉक्टरांच्या बोलण्यात त्याचे नाव ‘ईओई’. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही आणि कर्करोगाशी त्याचा संबंध आढळलेला नाही; मात्र सहसा आपोआप बराही होत नाही. मुलींच्या मानाने मुलग्यांत तो सुमारे तिप्पट दिसतो. दमा, इसब किंवा सकाळी उठल्याउठल्या शिंकांची माळ लागणे अशा तक्रारी त्या मुलाला किंवा घरात कुणाला तरी बहुधा असतातच.

इओसिनोफिल ही पांढऱ्या रक्तपेशींची एक जात. इओसिन हा गुलाबी-लाल रंग ती चटकन धरते, म्हणून पाउल एर्लिख यांनी १८७९ मध्ये तिला हे नाव दिले. जठरात आणि आतड्यांत या पेशी असतात, निरोगी अन्ननलिकेत जवळजवळ नसतात. त्या तिथे दिसल्या की पूर्वी आम्लपित्ताकडे बोट दाखवले जाई. १९९३ आणि १९९४ च्या शोधनिबंधांनंतर हा स्वतंत्र आजार मानला जाऊ लागला. १९९५ मध्ये अमेरिकेत काही मुलांचे नेहमीचे अन्न बंद करून त्यांना फक्त अमिनो आम्लांचे (प्रथिनांच्या सुट्या घटकांचे) पेय दिले, तेव्हा त्यांची सूज उतरली आणि दोष अन्नाकडे जातो हे स्पष्ट झाले.

कोळंबी खाल्ल्यावर घटकाभरात अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, ती ॲलर्जी निराळी. इथली प्रतिक्रिया संथ असते, आठवडे-महिने साचत जाते. सकाळचा दुधाचा पेला आणि रात्री अडकलेला घास यांचा संबंध त्यामुळे कुणाला लागत नाही. याच कारणाने त्वचेवर टोचून केलेल्या किंवा रक्तातल्या ॲलर्जीच्या चाचण्यांवर विसंबून पथ्य ठरवता येत नाही.

लक्षणे वयाप्रमाणे बदलतात. तान्हे बाळ दूध पिता पिता पाठ ताणते, मान फिरवते. दोन-तीन वर्षांचे मूल ओकते, त्याचे वजन वाढत नाही. शाळकरी मूल पोटात दुखते म्हणते. घास अडकतो हे नेमके सांगता येते ते बहुधा दहा-बारा वर्षांनंतर. तोवर मूल आपल्यापुरती वाट काढत राहते, आणि कोकणातले जेवण त्याला यात नकळत साथ देते. सकाळी पेज, दुपारी कालवण-भात, वर सोलकढी, आजारपणात आटवल: सगळे ओले आणि मऊ. पोळी-भाकरीच्या मुलखात जो घास महिन्याभरात अडला असता, तो इथे वर्षानुवर्षे घसरत खाली जातो.

म्हणून मूल काय सांगते त्यापेक्षा ते जेवते कसे, हे पाहावे. तांदळाची भाकरी कालवणात पार विरघळेपर्यंत बुडवलेली. चपातीच्या कडा काढून ठेवलेल्या. कोंबडीचा तुकडा बराच वेळ चघळून त्याचा चोथा ताटाच्या कडेला. दर दोन घासांना पाण्याचा घोट, ताटाशेजारी तांब्या. भावंडे हात धुऊन अंगणात गेली तरी हा अजून अर्ध्या भातावरच. तापाची गोळी कुटून दिली तरच घेणार. यावर घरात ‘नखरे आहेत’, ‘जेवणात लक्ष नाही’, ‘दृष्ट लागली’ असे निदान होते. डॉक्टरांकडे जाताना ‘नीट जेवत नाही’ एवढेच सांगण्यापेक्षा जेवायला किती वेळ लागतो आणि पाणी किती लागते हे सांगितलेले जास्त उपयोगी. रव्याचा लाडू किंवा उकडलेल्या अंड्याचा बलक खाताना तोठरा कुणालाही बसतो. भिजवलेल्या भाकरीचाही बसू लागला तर ते साधे नव्हे.

किनाऱ्यावर आणखी एक फसगत होते ती काट्याची. मासे खाताना मूल घास अडकला म्हणाले की काटा लागला असे धरून चालतात आणि सुक्या भाताचा गोळा किंवा केळे न चावता गिळायला लावतात. हा उपाय काट्यालाही धड नाही. ईओईत तर अडलेल्या घासावर दुसरा घास बसतो. घास अडकून मुलाला स्वतःची थुंकीही गिळता येत नसेल, लाळ गळत असेल, तर काहीही खायला-प्यायला न देता थेट रुग्णालय गाठावे. तो घास दुर्बिणीने काढावा लागतो. बोटे घालून ओकारी काढू नये, जोराच्या उमाळ्याने अन्ननलिका फाटू शकते. श्वासच कोंडला, आवाज फुटेना, तर अन्न श्वासनलिकेत गेले आहे. तिथे वेळ न घालवता पाठीवर थापा मारण्याचा प्रथमोपचार. काटा वारंवार ‘लागत’ असेल आणि दर वेळी तपासणीत सापडत नसेल, तर मासळीला दोष देणे थांबवावे.

निदान एंडोस्कोपीशिवाय होत नाही. मुलाला गुंगी किंवा भूल देऊन दुर्बीण आत घालतात. अन्ननलिकेत वर्तुळाकार कडी, उभ्या चिरा, पांढरे ठिपके दिसू शकतात. कधी सारे स्वच्छही दिसते. म्हणून वेगवेगळ्या उंचीवरून अस्तराचे किमान सहा तुकडे घेतात. सूक्ष्मदर्शकाच्या जास्त वर्धनातल्या एका दृश्यक्षेत्रात १५ किंवा अधिक इओसिनोफिल, सोबत गिळण्याची तक्रार, आणि दुसरे कारण नाही याची खात्री, असे तिन्ही जुळले की निदान पक्के. रक्तातले इओसिनोफिल वाढलेत एवढ्यावरून काही ठरत नाही, ते जंतांनीही वाढतात. लहान मुलांची एंडोस्कोपी प्रत्येक तालुक्याला होत नाही. सिंधुदुर्गातली माणसे यासाठी गोव्यात बांबोळीला किंवा कोल्हापूरला जातात, रायगडकरांना मुंबई जवळ.

उपचारांची सुरुवात बहुधा आम्ल कमी करणाऱ्या औषधांनी होते. बऱ्याच मुलांची सूज तेवढ्यानेही उतरते. दुसरा मार्ग स्टेरॉइडचा. दम्यासाठी असलेले फ्लुटिकासोनचे फवारे श्वासात न ओढता गिळायचे, किंवा ब्युडेसोनाइडचे द्रव औषध मधासारख्या घट्ट पदार्थात कालवून चाटवायचे (वर्षाखालील बाळाला मध चालत नाही). औषध अस्तराला लागून राहायला हवे म्हणून पुढे अर्धा तास अन्न-पाणी बंद. तोंडात व अन्ननलिकेत बुरशी येऊ शकते, तेव्हा अर्ध्या तासाने चूळ भरायची. ड्युपिलुमॅब या इंजेक्शनाला अमेरिकेत २०२२ मध्ये बारा वर्षांवरील आणि २०२४ मध्ये एक वर्षावरील मुलांसाठी परवानगी मिळाली. ते महाग आहे. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर सुजेच्या जागी व्रणाची ऊती तयार होऊन नळी अरुंद होते. मग ती फुग्याने रुंदावतात, पण त्याने आतली सूज जात नाही.

तिसरा मार्ग पथ्याचा. दूध, गहू, अंडी, सोया, शेंगदाणे व सुकामेवा, मासे व कोळंबी-खेकडे-शिंपल्या असे सहा गट एकदम बंद करण्याची पद्धत २००६ पासून रूढ झाली. हल्ली बहुतेक वेळा एकट्या दुधापासून सुरुवात करतात, कारण सर्वाधिक सापडणारा दोषी तोच. हे कोकणातल्या घराला त्यातल्या त्यात सोपे. गव्हाचे अडत नाही: तांदूळ आहे, नाचणी आहे, घावन-आंबोळी आहे. नारळाच्या रसावर निम्मे स्वयंपाकघर चालते. उकडीच्या मोदकावरची तुपाची धार तेवढी टाळायची आणि उकड दुधात काढलेली नाही ना, विचारून घ्यायचे. मात्र नारळाचा रस म्हणजे दुधाची भरपाई नव्हे, त्यात ना तेवढी प्रथिने ना कॅल्शियम. कॅल्शियम नाचणीत भरपूर आहे, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. मासळी बंद नसेल तर काट्यासकट खाल्ली जाणारी मांदेली पुष्कळ भर घालते, फक्त सूज उतरेपर्यंत ती नीट कुस्करून द्यावी.

फसतात ती माणसे आडून येणाऱ्या पदार्थांनी. डबीतल्या हिंगात मैदा असतो. तळलेल्या बांगड्याला लावलेला रवा गव्हाचाच. चहातले दूध ‘एवढ्याने काय होतेय’ म्हणून मोजले जात नाही, शाळेच्या पुलावात सोयावडी निघते आणि देवळात हातावर पेढा पडतो. पाकीटबंद खाऊवर ॲलर्जीकारक घटक छापणे बंधनकारक आहे, ती ओळ वाचायची सवय लावावी. मासे आणि काजू मात्र इथे खरेच कठीण. सगळ्या घरात सुरमईचा वास सुटलेला असताना एकट्या पोराला डाळ वाढणे कुणाही आईच्या जिवावर येते. त्या दिवसांत घरानेच मासळी बाहेर ठेवलेली बरी. पथ्य आहारतज्ज्ञाच्या नजरेखाली, वजन-उंची मोजतच करावे. दर बदलानंतर दोनेक महिन्यांनी पुन्हा एंडोस्कोपी लागते, कारण मूल हसतखेळत जेवू लागले तरी सूज आत तशीच असू शकते. सूज गेली की बंद केलेले पदार्थ एकेक करून परत आणतात आणि नेमका कोण नडतो ते शोधतात.

सूज उतरल्यावरही काही मुले घास गालात धरून बसतात. अडकण्याची भीती नळीपेक्षा उशिरा सैल होते. अशा वेळी घाई न करता आटवलापासून सुरुवात करायची, मग घावन, मग भाकरीचा मऊ पापुद्रा. आणि तांब्या ताटापासून हळूहळू लांब सरकवायचा.