साखळी मण्यावर नव्हे, मण्याच्या आत वाढते

रसायनशास्त्रज्ञ मेरिफिल्ड यांनी १९६३ साली घन आधारावर पेप्टाइड (अमिनो आम्लांची साखळी) बांधलं, तेव्हापासून एक समज चिकटून आहे: साखळी रेझिनच्या, म्हणजे त्या घन आधाराच्या, मण्याच्या पृष्ठभागावर वाढते. तसं नाही. मण्यातलं, १ टक्का डायव्हिनाइलबेंझीनच्या आडव्या दुव्यांनी जोडलेलं पॉलिस्टायरीन डायक्लोरोमिथेन या द्रावकात फुगून जेलसारखं होतं. साखळी जिथे जोडली जाते, त्यांतल्या ९९ टक्क्यांहून अधिक जागा मण्याच्या आतच असतात. म्हणजे सगळी मदार द्रावकावर. मिथेनॉलने धुऊन तसंच पुढे गेलात तर मणी आक्रसलेला राहतो, अभिकर्मक आत शिरत नाही, आणि खापर फुटतं बिचाऱ्या कपलिंगवर, म्हणजे पुढचं अमिनो आम्ल जोडण्याच्या पायरीवर! आधी रेझिन डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) या द्रावकात अर्धा तास फुगवा. १ ग्रॅम रेझिनला १० मिली पुरे. चुंबकी कांडीने ढवळू नका: मणी भरडतात, भुग्याने गाळणी तुंबते. त्यापेक्षा भांडं हलकेच हलवा किंवा नायट्रोजनचे बुडबुडे सोडा.