घन खडक वाहतो तेव्हा: भूपट्टांच्या कल्पनेमागचा इतिहास

पृथ्वीच्या पोटात लाव्हा खदखदतोय आणि त्यावर भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या कठीण थराचे प्रचंड तुकडे, होड्यांसारखे तरंगताहेत, हे चित्र अनेकांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. ते चूक आहे. भूकवचाखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत जे प्रावरण आहे, ते जवळजवळ सगळं घन खडकाचं आहे. आणि तरीही ते वाहतं. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे पचनी पडायला भूविज्ञानाला अर्धं शतक लागलं.

आत काय आहे याचा पहिला पक्का सुगावा वजनातून लागला. १७९८ साली हेन्री कॅव्हेंडिश यांनी शिशाच्या गोळ्यांमधलं अतिशय क्षीण आकर्षण मोजून पृथ्वीची घनता काढली. ती पाण्याच्या जवळजवळ साडेपाच पट भरली. पायाखालचे खडक मात्र जेमतेम पावणेतीन पट. म्हणजे खोलवर काहीतरी फार जड असणार. खणून बघण्याची सोय नव्हती, ती आजही नाही. रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचं प्रसिद्ध छिद्र १९८९ साली १२,२६२ मीटरवर पोचलं आणि त्यापुढे जाता आलं नाही. केंद्र ६,३७१ किलोमीटरवर आहे.

मग उरले भूकंप. १८९७ साली आसाम भीषण भूकंपाने हादरलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्याच्या दूरदूरच्या यंत्रांवरच्या नोंदी तपासल्या आणि तीन प्रकारच्या लहरी वेगवेगळ्या ओळखल्या. आधी पोचते ती दाबाची ‘पी’ लहर, मागून येते ती आडवी हलवणारी ‘एस’ लहर आणि शेवटी पृष्ठभागावरून येणाऱ्या लहरी. यातली एस लहर महत्त्वाची, कारण ती द्रवातून जाऊच शकत नाही. १९०६ साली ओल्डहॅम यांनी पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा मांडला. १९०९ च्या भूकंपाच्या नोंदींवरून झाग्रेबच्या आंद्रिया मोहोरोविचिच यांना कवचाचा तळ सापडला, बेनो गुटेनबर्ग यांनी गाभ्याची खोली ठरवली आणि १९२६ साली हॅरल्ड जेफ्रीज यांनी बाहेरचा गाभा द्रवरूप असल्याचं दाखवलं.

डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेमन यांचं काम मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतं. १९२९ च्या न्यूझीलंडमधल्या भूकंपाच्या काही क्षीण पी लहरी, जिथे गाभ्याची ‘सावली’ पडायला हवी, म्हणजे गाभ्यामुळे लहरी पोचायलाच नकोत, तिथेही उमटल्या होत्या. इतरांनी फारसं लक्ष दिलं नाही. लेमन बागेत मोठं टेबल टाकून बसत आणि ओटच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत भूकंपांच्या वेळांची कार्डं लावून ठेवत, अशी त्यांच्या एका नातलगाची आठवण आहे. त्या कार्डांतून १९३६ साली निष्कर्ष निघाला: द्रव गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे. तो घन असल्याचं पुढे स्पष्ट झालं.

याच काळात दुसरी कथा वेगळ्याच वाटेने चालली होती. ६ जानेवारी १९१२ रोजी हवामानशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी फ्रँकफर्टमध्ये भूखंडं सरकतात, असं मांडलं. मेसोसॉरस हा लहानसा जलचर सरपटणारा प्राणी ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका दोन्हीकडे जीवाश्मरूपात सापडतो. तो अटलांटिक पोहून गेला असेल, हे पटण्यासारखं नव्हतं. पण भूखंडांना ढकलतं कोण? वेगेनर यांनी सुचवलेली बलं फारच तोकडी होती. जेफ्रीज यांनी ते गणिताने दाखवून दिलं आणि वर ठामपणे सांगितलं, की एस लहरी प्रावरणातून जातात, म्हणजे ते घन आहे, मग त्यातून भूखंड सरकेलच कसं?

बलांबद्दल जेफ्रीज बरोबर होते. घोटाळा ‘घन’ या शब्दात होता. कुऱ्हाडीच्या घावाने बर्फाच्या ठिकऱ्या होतात, पण तोच बर्फ हिमनदी होऊन दरीतून खाली वाहतो. भूकंपाची लहर काही सेकंदांत निघून जाते, तेवढ्या वेळात खडक ताठ असतो. तापलेल्या खडकावर लाखो वर्षं ताण राहिला, की त्याचे स्फटिक हळूहळू आकार बदलतात. वेगेनर ग्रीनलंडच्या अशाच वाहत्या बर्फावर पुन्हा पुन्हा मोहिमांवर गेले आणि १९३० साली त्यांचा अंतही तिथेच झाला, हे आठवलं की मन हळहळतं. आर्थर होम्स यांनी १९२८ च्या सुमारास प्रावरणात उष्णतेचे अभिसरण प्रवाह असावेत, म्हणजे तापलेला खडक हळूहळू वर येत असावा आणि थंड झालेला खाली जात असावा, असं सुचवलं होतं. फार थोड्यांनी ऐकलं.

कोंडी फुटली ती समुद्रतळावर. १९५२-५३ मध्ये अमेरिकेत मारी थार्प जहाजांनी ध्वनीने मोजलेली खोली हाताने कागदावर उतरवत होत्या. स्त्रियांना संशोधन जहाजावर तेव्हा घेतच नसत. उत्तर अटलांटिकचे सहा आडवे छेद एकाखाली एक मांडल्यावर त्यांना मधल्या पर्वतरांगेच्या माथ्यावर प्रत्येकात एक खोल खाच दिसली. जमीन दुभंगतेय, असा त्याचा अर्थ. सहकारी ब्रूस हीझन यांनी ‘पोरींच्या गप्पा’ म्हणून ते उडवून लावलं. पण शेजारी हॉवर्ड फॉस्टर त्याच प्रमाणावर समुद्रातल्या भूकंपांचे ठिपके मांडत होते. दोन नकाशे एकमेकांवर ठेवले, तर ठिपके नेमके त्या दरीत!

पुढे सगळं झपाट्याने घडलं. १९६२ साली हॅरी हेस यांचा सागरतळ प्रसरणाचा, म्हणजे या पर्वतरांगांपाशी नवा तळ तयार होऊन दोन्हीकडे सरकतो, हे सांगणारा लेख आला. १९६३ साली व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी हिंदी महासागरातल्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेजवळचे चुंबकीय पट्टे (तळाच्या खडकातले आलटून पालटून उलट दिशेने चुंबकित झालेले पट्टे) वाचून त्याला आधार दिला. १९६७-६८ पर्यंत मॅकेन्झी, पार्कर, मॉर्गन आणि ल पिशाँ यांनी भूपट्टांचं गणित बसवलं. भूपट्ट वर्षाला काही सेंटीमीटर सरकतात. त्यांना मुख्यतः ओढतं ते त्यांचंच थंड, जड झालेलं आणि खाली बुडणारं टोक.

ती बुडालेली टोकंही आता दिसतात. पॅसिफिकच्या पूर्वेकडची फॅरलॉन हा प्राचीन भूपट्ट बहुतांश उत्तर अमेरिकेखाली गेला आहे. १९९० च्या दशकात त्याचा थंड पट्टा प्रावरणात खोलवर उतरत गेलेला सापडला, आणि तो सापडला भूकंपलहरींमुळेच. थंड खडकातून त्या किंचित अधिक वेगाने जातात. प्रावरण घन आहे म्हणून भूखंड हलू शकत नाही, असं ज्या एस लहरींच्या जोरावर म्हटलं गेलं, त्या लहरीही या शोधात होत्या.