ईएमडीआर (नजर फिरवून आघाताच्या आठवणींवर उपचार)

आय मूव्हमेंट डीसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग, शॉर्टमध्ये ईएमडीआर. अपघात, अत्याचार, युद्ध, भूकंप यांच्या ज्या आठवणी वर्षानुवर्षं छळत राहतात त्यांची धार कमी करणारी मानसोपचार पद्धत. पेशंटनं आठवण मनात धरायची आणि त्याचवेळी थेरपिस्टच्या डावी-उजवीकडे हलणाऱ्या बोटांमागे नजर फिरवायची.

उगम : जनक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शपिरो (१९४८–२०१९). त्यांनी सांगितलेली हकीकत अशी की १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉस गॅटोसच्या एका बागेत फिरताना मनातले त्रासदायक विचार आपोआप फिके पडले, नीट लक्ष दिलं तर डोळे भराभर इकडून तिकडे हलत होते, मग त्यांनी तेच मुद्दाम करून बघितलं, आधी स्वतःवर नंतर इतरांवर. १९८९ मध्ये २२ जणांवरचा अभ्यास छापून आला. तेव्हा नाव नुसतं ईएमडी होतं, शेवटचा आर साधारण १९९० च्या आसपास जोडला गेला, कारण नुसती भीती बोथट होत नाही तर आठवण मेंदूत नव्यानं लावली जाते असं शपिरोंचं मत बनत गेलं. १९९५ मध्ये मानसशास्त्रज्ञ जेराल्ड रोझेन यांनी या हकीकतीवरच शंका घेतली : डोळ्यांच्या अशा झटकन होणाऱ्या हालचाली माणसाला स्वतःला सहसा जाणवतच नाहीत, मग बागेत चालताना त्या कळल्या कशा? शंका वजनदार आहे. पण बागेतली गोष्ट खरी असो नसो, पद्धत उभी आहे ती नंतरच्या चाचण्यांवर, आणि हे दोन प्रश्न वेगळेच ठेवायला हवेत.

डोळ्यांचं काम काय : खरा वाद इथे आहे. २००१ मधल्या डेव्हिडसन आणि पार्कर यांच्या एकत्रित विश्लेषणात नजर फिरवण्याचा वेगळा फायदा दिसला नाही, म्हणजे गुण आठवणीला सामोरं जाण्याचा. उलट २०१३ मध्ये ली आणि कौपर्स यांना फायदा दिसला. आरईएम झोपेशी (बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात ती, स्वप्नांची झोप) नातं जोडणारी कल्पनाही मांडली गेलीये. त्यातल्या त्यात पटण्यासारखं स्पष्टीकरण वर्किंग मेमरीचं (त्या क्षणी लागणारं मनात धरून ठेवणारी तात्पुरती स्मृती) वाटतं : तिची जागा मर्यादित, त्यात आठवणही धरायची आणि नजरही फिरवायची, दोन्ही पूर्ण मावत नाही म्हणून चित्र पुसट होतं आणि पुसटच परत साठवलं जातं. पण मग अवघड हिशेब करूनही असंच व्हायला हवं, आणि प्रयोगांत तसा परिणाम दिसलाही आहे.

पद्धत : एकूण आठ टप्पे. माहिती घेणं, तयारी, मग आठवणीतलं सगळ्यात वाईट चित्र, त्याला चिकटलेला स्वतःबद्दलचा समज (“चूक माझीच होती”) आणि अंगातली जाणीव. त्रास ० ते १० मध्ये मोजतात, नव्या चांगल्या समजावरचा विश्वास १ ते ७ मध्ये. डोळ्यांऐवजी टॅपिंग किंवा आळीपाळीनं दोन्ही कानांत आवाजही चालतो. झालेलं सगळं तपशीलवार बोलून दाखवावं लागत नाही, ज्यांच्या तोंडून शब्दच फुटत नाहीत त्यांच्यासाठी ही केवढी मोठी सोय आहे. तयारीचा टप्पा गाळून थेट आठवणीला हात घालू नये, माणूस ढासळू शकतो.

मान्यता : जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी (आघातानंतर दीर्घकाळ टिकणारा मानसिक त्रास) शिफारस केली, मोठ्यांसाठी आणि मुलांसाठीही. इतर आजारांबाबत पुरावा अजून पातळ आहे.

प्रसार : मोठ्या आपत्तींनंतरच्या मदतकार्यातून बराच. हात छातीवर फुलीसारखे ठेवून आळीपाळीनं थोपटायची ‘बटरफ्लाय हग’ मेक्सिकोत अकापुल्कोला, १९९७ च्या पॉलीन वादळातून वाचलेल्यांबरोबर काम करताना लुसिना आर्टिगास यांनी सुरू केली. भारतात २००१ च्या गुजरात भूकंपानंतर ट्रेनिंग झाली.